पाठीची कडी, छातीची कडी

ये वं वच्छला, इकडे ये. अशी दारात उभी राहू नको, आत येऊन पाटावर बस. आज मी तुला रागावणार आहे आणि तू मधे बोलायचं नाही. असं कोणी जातं का? आषाढात म्हणालीस, "माई, खोकला आहे, दुसरं काही नाही," आणि श्रावण लागला न लागला तोच तुझ्या घराला कुलूप. तुझा बत्ता माझ्याकडे राहिला आणि खल तुझ्या स्वयंपाकघरात. आता खल कुलपात आणि बत्ता माझ्या ओट्यावर. सकाळी वेलदोडे कुटायला गेले की त्याच्याकडे पाहतच बसते. आणि ज्याच्या पट्ट्यावरून आपण दोघी इतकी वर्षं भांडलो, तो तुझा कुत्रा तुझ्याच ओसरीवर पालथा पडून होता. हाक मारली तर एक कान हलवायचा, बस. भांडण असं अर्धवट टाकून जायचं नसतं, एवढंही तुला कळलं नाही?

मी शाळेत गेले नाही हे तुला ठाऊकच आहे. पोरांची पुस्तकं पाहून पाहून अक्षर गिरवलं. म्हणून लिहायला बसले की माझी बोली पुस्तकासारखी होते. तू असतीस तर म्हणाली असतीस, "कोणाच्या घरची शहाणी बाई येऊन राहिली वं ही?" हास. आज हसलीस तरी चालेल.

उद्या पोळा आहे. आज बैलांचे खांदे शेकायचा दिवस, आपली खांदशेकणी झाली. ती कशी झाली ते सांगायलाच तुला बोलावलंय. पण आधी तुझ्या भाच्याचं सांगते.

मधुकर खाप्याहून तुझ्या तेरवीला आला होता. भला पोरगा आहे, सगळं नीट केलं त्यानं. पंगती उठल्यावर माझ्याजवळ येऊन बसला आणि ओसरीकडे पाहत म्हणाला, "काकू, हे कुत्रं तुमच्यासंग एक पाऊल निघत नाही. मावशीच्या दारात बसून बसून मरन ते. पोळा झाला का मी येतो अन् त्याले गावाले घेऊन जातो. वावरात राहीन, राखण करीन. साखळी हाय घरी, बैलाचीच, मजबूत."

साखळी म्हटल्याबरोबर मी तुझ्या हार घातलेल्या फोटोकडे पाहिलं. फोटोतसुद्धा तू डोळे वटारलेस असं मला वाटलं.

"पोळ्यालोक थांब," मी म्हटलं. "तोवर तो माझ्यासंग निघाला त माझा."

"अन् नाही निघाला त?"

"त तुझा."

बोलून गेले खरी. पण त्या दिवसापासून पोळ्याचे दिवस मोजत होते वच्छला. आणि त्या साखळीचं नाव काढलं की मला तो जुना लाल पट्टा आठवायचा.

आठव, कसा आला होता तो. भाऊजी जाऊन वर्ष झालं होतं आणि तू घराबाहेर पाऊल टाकत नव्हतीस. भाजी मी भिंतीवरून द्यायची, दूध मी घ्यायची, राशनच्या रांगेत मी उभी राहायची. तू कधी "जा माई, मी येते मागून," म्हणायचीस आणि यायची नाहीस. उन्हाळ्यात एका दुपारी तुझ्या माठाखालच्या ओल्या रेतीत हे तपकिरी कुत्रं येऊन झोपलं. मी म्हटलं, हाकल. तू म्हणालीस, "राहू दे माई. पाहुणा आहे, दोन दिवसांत जाईन." तेच त्याचं नाव पडलं. पाहुणा दोन दिवसांत काही गेला नाही, आणि स्वभाव असा सोवळा की अंगणात घाण करायचा नाही. दारापाशी उभा राहून रडायचा. मग काय, त्याच्यामागे तुला निघावंच लागलं. आधी पहाटे, तोंडावर पदर घेऊन. मग उजाडल्यावर. मग चांगली आपल्या शुक्रवारी तलावाच्या पायऱ्यांपर्यंत जाऊ लागलीस आणि मला हाक मारू लागलीस, "चल वं माई, पाय मोकळे कर."

सीताबर्डीच्या फुटपाथवरून आपण तो लाल गळपट्टा आणला. पाहुण्याचं डोकं निमुळतं आणि मान जाड. सैल ठेवला तर निघून यायचा, आवळला तर कुत्रं खोकायचं, जीभ निळी व्हायची. एका सकाळी तलावाजवळ समोरून टांगा आला. पाहुणा बिचकला आणि मागे सरकला, आणि पट्टा तुझ्या हातात राहिला. कुत्रं सरळ एका सायकलरिक्षाच्या चाकाखाली. काही झालं नाही त्याला, कातडं खरचटलं तेवढंच. पण तू भर रस्त्यात बसलीस, रिकामा पट्टा हातात धरून. रिक्षावाला ओरडत होता, "उठो बाई, मरना है क्या?" आणि तू म्हणत होतीस, "गळ्यात नाही. आता गळ्यात काही नाही बांधायचं."

तिथून आपलं भांडण लागलं.

तू शेतकऱ्याची लेक. तुझ्या डोळ्यासमोर बैल. जू घेऊन घेऊन सोललेले, सुजलेले खांदे तू लहानपणापासून पाहिलेले. मानेशी काही आलं की तुला ते खांदे दिसायचे. मी टांगेवाल्याची लेक. बाबांचा घोडा मला ठाऊक. घोडा छातीनं ओढतो. छातीवर पट्टा आला की त्याला कळतं, आता ओढायचं आहे. म्हणून मी म्हणायची, "वच्छला, छातीले पट्टा बांधशीन त टांग्याचा घोडा होईन तो. तुले ओढत पार कन्हानलोक नेईन." तू म्हणायचीस, "अन् गळ्यात बांधून मारू का त्याले?" दोघींचंही बरोबर होतं, हीच तर पंचाईत होती. एक चूक असती तर भांडण एका दिवसात संपलं असतं.

छातीपट्टा असतो तरी कसा, हेच आपल्याला माहीत नव्हतं. तू लुगडं घ्यायला कामठीला गेलीस आणि लुगडं न घेताच परत आलीस. छावणीच्या रस्त्यावर एक शिपाई साहेबाचं मोठं कुत्रं फिरवत होता, त्या कुत्र्याच्या छातीला चामड्याचे पट्टे. तू त्याच्या मागे मागे अर्धा रस्ता गेलीस. शेवटी तो वळून म्हणाला, "क्या चाहिए बाई?" आणि तू त्याला काय म्हटलंस? "कुत्रं थांबवा जरा. मले त्याचं पोट पाहायचं आहे." घरी येऊन हे सांगताना तुला हसू आवरत नव्हतं. भाऊजी गेल्यावर तुला असं पोट धरून हसताना मी पहिल्यांदा पाहिलं. तेव्हाच मनात म्हटलं, घे बाई तुझा छातीपट्टा. पण तोंडानं म्हटलं, "येडी झाली का वं?"

पहिला पट्टा तू बाजेची नवार उसवून शिवलास. गळ्याभोवती एक, पोटाभोवती एक, मधे जोड. पाहुणा त्यात नव्या नवरीसारखा चालायचा, एकेक पाय उचलून, खाली पाहत. एका पावसात तो भिजला आणि नवार आटली. कुत्रं असं आवळलं गेलं की कात्री घेऊन कापावं लागलं. आमचे हे भिंतीवरून म्हणाले, "वहिनी, पुढच्या टायमाले बाजच बांधा त्याच्या पाठीवर. दमला का झोपीन." तू त्यांच्याशी आठवडाभर बोलली नाहीस.

मग सीताबर्डीची दुकानं. आठवतं तो दुकानदार? आपण विचारलं, कुत्र्याच्या छातीचा पट्टा आहे का? त्यानं आधी आपल्या दोघींच्या पायातल्या चपलांकडे पाहिलं, मग तोंडाकडे.

"बाई, कुत्रा कौनसा है? अल्सेशियन?"

"नाही. माठाखालचा," तू म्हणालीस.

तो दुकानदार अजूनही विचार करत असेल ही कोणती जात.

शेवटी कामठीलाच चामड्याचं काम करणाऱ्या त्या म्हाताऱ्याकडे गेलो. पाहुण्याला बसमध्ये कोणी घेईना, म्हणून टांगा केला. टांग्यात तो माझ्या मांडीवर बसला आणि सगळा रस्ता घोड्याच्या शेपटीकडे पाहून भुंकत होता. म्हाताऱ्यानं सुतळीनं माप घ्यायला सुरुवात केली आणि आपण दोघी बोलायला. तू म्हणायचीस पट्टा रुंद घ्या, बैलाच्या गळ्यातल्या पट्ट्यासारखा. मी म्हणायची अरुंद घ्या, टांग्याच्या साजासारखा. तू म्हणालीस दोरी अडकवायची कडी पाठीवर. मी म्हटलं पाठीवर लावाल तर हा घोड्यासारखा जुंपल्यागत ओढेल. कडी छातीवर लावा. पुढे ओढायला गेला की दोरीनं तोंड आपल्याकडे वळेल, मग ओढेल कसा? म्हाताऱ्यानं सुतळी खाली ठेवली.

"देखो बाई, पहले तुम दोनों आपस में फैसला कर लो, फिर मेरे पास आओ."

"आमचा फैसला नाही व्हायचा, बावा," तू म्हणालीस. "तुम्ही दोन्ही कड्या लावा."

आणि त्यानं लावल्या. वर शोभेला पितळी फुल्याही ठोकल्या. त्या आपण कोणीच सांगितल्या नव्हत्या. पाहुणा चालला की पट्टा करकर वाजायचा, गल्लीतल्या बायका म्हणायच्या, "आली, वच्छलाबाईची वरात आली."

पट्टा घालायची तुझी एक तऱ्हा होती. गळपट्टा काय, झोपलेल्या कुत्र्याच्याही गळ्यात अडकवता येतो. छातीपट्ट्यात पाय घालावा लागतो. तू पट्टा त्याच्यासमोर धरून उकिडवी बसायचीस आणि वाट पाहायचीस. मी म्हणायची, "अवं उचल त्याचा पाय अन् घाल, किती वेळ!" तू ऐकायची नाहीस. "त्याचा पाय आहे, तो उचलीन." आणि तो उचलायचा. आधी उजवा, मग डावा. नंतर नंतर तर पट्ट्याची करकर ऐकली की झोपेतून उठून पंजा पुढे करायचा, एखाद्या राजासारखा. मला राग यायचा. कुत्र्याचे एवढे लाड! आणि तरी मी रोज ते पाहायला भिंतीशी येऊन उभी राहायची.

त्या वर्षीची पोळ्याची आदली संध्याकाळ मी विसरणार नाही. तू हळद आणि लोणी कोमट करून वाटीत घेतलंस, पळसाची पानं घेतलीस आणि पाहुण्यासमोर बसलीस. मी विचारलं, हे काय? तर म्हणालीस, "आमच्या घरी आज बैलाचे खांदे शेकतात. इथं बैल नाही. पण पट्टा तर याच्याही अंगावर आहे ना वर्षभर? ज्याच्या अंगावर आपण पट्टा घालतो त्याचा खांदा एक दिवस तरी शेकायचा." आमचे हे भिंतीवरून म्हणाले, "उद्या शिंगं रंगवजा त्याची." पण या खेपेला तू हसलीस.

तू त्याचे खांदे चोळत होतीस, पळसाचं पान तव्यावर गरम करून वर ठेवत होतीस. पाहुणा डोळे मिटून बसलेला. बाबा घोड्याचा साज उतरवला की आधी पुढच्या पायामागे हात घालून पाहायचे, त्या सवयीनं मी त्याच्या काखेत हात घातला. तो कळवळला. केस उडालेले, कातडं लाल झालेलं. दिवसांमागून दिवस तो पट्टा तिथे घासत होता आणि आपल्याला पत्ता नाही. तू सकाळी पट्टा सैल ठेवायचीस, बैलाच्या दाव्यासारखा. मी कोपऱ्यावर जाऊन परत आवळायची, कारण घोडा साज चढवताना पोट फुगवून धरतो आणि चार पावलांनी पोटाचा पट्टा, तो तंग, पुन्हा ओढावाच लागतो. कुत्रं काही पोट फुगवत नाही. तू त्याला बैल समजून खांदे पाहत होतीस, मी त्याला घोडा समजून आवळत होते. आणि तो बिचारा कुत्रा होता.

तू त्याचे दोन्ही खांदे पुन्हा चाचपून पाहिलेस. मग म्हणालीस, "खांदा तर बरा आहे माई."

"हाव. पण बैलाचा खांदा दुखते वच्छला. याचं इथं दुखते."

दुसऱ्या दिवशी तू तुझं हिरवं मऊ झालेलं लुगडं फाडून काखेतल्या पट्ट्याला आतून अस्तर शिवलंस. पितळी फुल्या काढून टाकल्या. आणि आपण ठरवलं, पट्ट्याखाली दोन बोटं सहज जायला पाहिजेत. ना सैल, ना तंग. एवढ्या वर्षांत आपलं एकमत झालं ते या दोन बोटांवर, बाकी कशावर नाही.

त्या संध्याकाळी शेकून झाल्यावर तू पाहुण्याच्या कानाशी वाकून जेवायचं आवतन दिलंस, तुझ्या माहेरी बैलांना देतात तसं. आज आवतन घे, उद्या जेवाले ये. त्यानं तुझं नाक चाटलं. मग दरवर्षी तेच. तुझ्या तोंडचे ते शब्द ऐकले की त्याची शेपटी जमिनीवर आपटायची. पुरणपोळीची आठवण असेल, दुसरं काय.

पण कडीचं भांडण मिटलं नाही. दोरी तू पाठीच्या कडीला लावायचीस, मी संधी मिळाली की छातीच्या. छातीच्या कडीला लावली की तो खरंच शहाण्यासारखा चालायचा, हे तुलाही दिसत होतं. पाठीच्या कडीला लावली की ओढायचा, हेही दिसत होतं. एक दिवस मी चिडून म्हटलं, "अवं, खांदा निखळून राहिला तुझा. तो तुले फिरवून राहिला का तू त्याले?"

तू पदरानं मान पुसलीस आणि म्हणालीस, "ओढू दे ना माई. कोणी ओढलं नसतं त मी निघाली असती का घरातून?"

मी काय म्हटलं आठवतं? "चल लवकर, दूध उतू जाईन." एवढंच. तुझ्या त्या बोलण्यावर काहीतरी बोलायला पाहिजे होतं. तू थांबलीही होतीस. पण अशा वेळी मला शब्द सापडत नाहीत, दूध सापडतं. तेव्हापासून ते उत्तर माझ्याकडे राहूनच गेलं होतं.

दवाखान्यात तू मला जवळ बोलावलंस तेव्हा मला वाटलं, आता काही मोठं बोलशील. घराचं, देवाचं. तू विचारलंस, "पट्टा कोण घालून राहिलं त्याले?"

"मी."

"पाय देते?"

"नाही वं देत. तोंड फिरवते."

"देईन. घाई नको करू. पट्टा धर अन् बसून राह्य. पाय त्यालेच उचलू दे." मग खोकलीस, आणि खोकता खोकता हसलीस. "अन् कडी पाठीची."

"छातीची," मी म्हटलं.

नर्सबाई म्हणाली, "आजी, पेशंटशी भांडू नका." आपलं शेवटचं बोलणं हे असं. लोक विचारतात, शेवटी काय बोलल्या? मी काय सांगू त्यांना?

तू गेल्यावर रोज सकाळी मी पट्टा घेऊन तुझ्या ओसरीवर जायची. त्याच्यासमोर धरायची. तो भिंतीकडे तोंड करायचा. भाकर टाकली तर मी गेल्यावर खायचा. आमचे हे म्हणाले, "मी धरतो, तू घाल. अशानं पोळा येऊन जाईन." एकदा मी हो म्हणणार होते. हात त्याच्या पंज्यापर्यंत गेलाही. मग परत घेतला. तू सांगून गेलीस ना, काय करणार!

आज दुपारपासून गल्लीत लाकडी बैल विकणारे ओरडत होते. पळसाची पानं घेतली. हळद-लोणी कोमट केलं, वाटी पदराखाली झाकली, बाई काय करते म्हणून कोणी विचारू नये, आणि तुझ्या ओसरीवर जाऊन बसले. माझे गुडघे तुला माहीत आहेत, बसले म्हणजे बसले, उठायचं काही खरं नाही. खांदे चोळले, तुझ्यासाठी. काखेत चोळलं, माझ्यासाठी. हाडं लागली हाताला, केवढा वाळलाय तो. त्यानं डोळे मिटले नाहीत, पण सरकलाही नाही. मग मी त्याच्या कानाशी वाकले.

"पाहुण्या, आज आवतन घे, उद्या जेवाले ये."

माझा आवाज तुझ्यासारखा नाही. पण शेपटी हलली वच्छला. एकदा, फरशीवर, पट्कन.

मी पट्टा समोर धरला आणि थांबले. हात भरून आला तरी थांबले. समोरच्या घरची पोरं लाकडी बैलाला चाकं लावत भांडत होती, ते ऐकत बसले. पाहुणा मागच्या पायांवर उठला, मग पुढच्या. पट्ट्याजवळ नाक नेलं. तुझ्या हिरव्या लुगड्याच्या त्या अस्तराचा वास घेतला, खूप वेळ, जसं काही वाचतोय. आणि उजवा पाय उचलला.

मी घातला. मग डावा. दोन बोटं घालून पाहिली. दोनाची तीन जात होती, इतका तो उतरला आहे, मग एक भोक आत घेतलं. आणि दोरी हातात घेतली. हात सवयीनं छातीच्या कडीकडे गेला. तिथे थांबला. मग मी दोरी पाठीच्या कडीला लावली. एक दिवस, म्हटलं. एक दिवस तुझं.

आणि त्यानं असं ओढलं! मला उठायचाही वेळ दिला नाही, त्याच्या ओढीवरच मी उठले. चपला घालायच्या राहिल्या. गल्लीतून मी ओरडत चालले होते, "म्हटलं होतं का नाही वच्छला! म्हटलं होतं का नाही, टांग्याचा घोडा होईन!" बायका दारात येऊन उभ्या. आमचे हे ओट्यावरून ओरडले, "अवं, कुठं चालली?" मी म्हटलं, "मले काय विचारता, याले विचारा!" कोपरा गेला, दुधाचा बूथ गेला, आणि मग माझ्या ध्यानात आलं की तू गेल्यापासून मीही या बूथच्या पुढे आले नव्हते. मुलगा म्हणायचा, आई, देवळात जाऊन ये. मी म्हणायची, जाते मागून. तुझंच वाक्य. मी तुझंच वाक्य बोलत होते, आणि मला पत्ता नव्हता.

तर हे घे तुझं उत्तर, इतक्या वर्षांनी. ओढू दे. बरोबर होतं तुझं. काही दिवस असे असतात की दोरीच्या या टोकाला असलेल्या माणसालाच कोणीतरी ओढायची गरज असते. तेव्हा छातीची कडी काही कामाची नाही.

त्यानं मला तलावाच्या त्याच पायरीवर नेलं, जिथे तू बसायचीस. बसलो दोघं. फुटाणेवाला आला. त्यानं पाहुण्याला ओळखलं, मग इकडे तिकडे पाहिलं. "वो दूसरी बाई नहीं आई?"

मी म्हटलं, "उसीने भेजा है." त्यानं पाहुण्यापुढे चार फुटाणे टाकले. पाहुण्यानं ते माझ्यासमोर खाल्ले.

परत येताना तुझ्या दारापाशी थांबला. कुलपाखालची फट हुंगली. मला वाटलं, बसला आता इथेच. मी दोरी सैल सोडली, ओढलं नाही. त्यानं अंग झटकलं, नाकापासून शेपटीपर्यंत, आणि माझ्या अंगणात शिरला. माठाखालच्या ओल्या रेतीत जाऊन पसरला. आत्ता हे लिहिते आहे तर तिथेच आहे. घोरतो आहे तुझा पाहुणा.

मधुकर परवा येईल. त्याला सांगणार आहे, बाबू, साखळी तुझी तुझ्या बैलाले. पोळी खा अन् जा. तो हट्ट नाही करणार, भला पोरगा आहे.

पण एक सांगून ठेवते. आज तुझं झालं. उद्या दोरी छातीच्या कडीला. माझे गुडघे आहेत वच्छला, रोज असं ओढणं मला झेपायचं नाही. परवा वाटलं तर पुन्हा पाठीची. भांडण संपलं असं समजू नको. मी एकटी दोन्ही बाजूंनी किती दिवस भांडू? तुझी बाजू मांडताना मला तुझ्यासारखं हसता येत नाही, आणि तू समोर नसली की मी फार लवकर जिंकते. त्यात मजा नाही.

म्हणून म्हणते, आता राग गेला माझा. पुरण शिजायले टाकून राहिली मी, कढी करीन, वडे करीन. वेलदोडे मात्र तसेच पडून हायेत, कुटायचे राहिले. आज आवतन घे वं वच्छला, उद्या जेवाले ये. बत्ता माझ्यापाशी हाय. येताना खल घेऊन ये.